सांधणारे विकर आणि प्रतिकृतीची अचूकता

‘लायगेज’ हे नाव ‘बांधणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून सिद्ध झाले आहे. परंतु १९६७ साली शोधल्या गेलेल्या या विकराचे कार्य केवळ बांधण्यापुरते मर्यादित नाही. मानवी पेशीत डीएनएच्या दोन नव्या धाग्यांपैकी एक धागा शंभर-दोनशे न्यूक्लिओटाइडांच्या तुकड्यांनी घडतो. ते तुकडे लायगेज-१ सांधते. सांध्याशी विजोड अथवा ऑक्सिडीकरणाने बिघडलेला घटक आढळल्यास ते सहसा सांधत नाही, आणि दुरुस्तीस अवसर मिळतो. या दक्षतेचे एक मूळ २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले : दोन ग्लुटामेट अवशेषांनी धरलेला मॅग्नेशियमचा आयन. ते अवशेष बदलताच विकर सदोष टोकेही सांधू लागते. सारांश, न सांधणे हेही या विकराचे कार्यच होय; कारण एकदा सांधली गेलेली चूक पेशींच्या पुढील पिढीत उतरू शकते.