नातं किती ठेवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं

बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींना दिवाळीआधी गावाकडून हमखास विचारणा होते, ‘तिकीट काढलं का?’ काहींच्या त्या प्रश्नानंच पोटात गोळा येतो. पट्ट्याचा मार, दारू, रोजचा पाणउतारा सोसलेल्या घरापासून लांब राहता यावं, म्हणूनच त्यांनी हे शहर गाठलेलं असतं. ‘झालं गेलं विसरून जा, शेवटी आईवडीलच ते’ हे ऐकून त्यांचे कान किटलेले असतात.

पण विसरणं असं हुकमी नसतं. अमेरिकेत सॅन दिएगो इथं फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी नऊ हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास करून 1998 मध्ये निष्कर्ष मांडले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईवर होणारी हिंसा अशा सातपैकी चार किंवा अधिक गोष्टी ज्यांनी लहानपणी भोगल्या, त्यांच्यात नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. आपल्याकडे केंद्र सरकारचा 2007 चा अहवाल 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तयार झाला. महाराष्ट्र आणि गोवाही त्यात होते. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्के मुलांवर हात उगारणारे आईवडीलच होते.

आपले मानसोपचार मात्र कुटुंबाच्या भरवशावर उभे आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत रुग्णासोबत नातेवाइकानं राहण्याची जुनी पद्धत आहे, आणि तिचा अनेकांना आधार झाला आहे. पण दुखणं घरातूनच आलं असेल, तर सोबत कोणाला न्यायचं? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं याची सोय केली आहे. कलम 14 नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून उपचारांसाठी आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो मित्र असेल, सहकारी असेल. रक्ताचं नातं लागत नाही. त्या प्रतिनिधीची लेखी संमती मात्र हवी. अशी नेमणूक केलेली असेल, तर नातेवाइकाचा क्रम त्या प्रतिनिधीनंतर लागतो.

दुसऱ्या बाजूला जबाबदारीही आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना 2007 च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानं मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्याच्या कितीतरी आधी, 1987 मध्येच, कल्याणच्या एका डॉक्टर महिलेच्या प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे पैसे मागता येतात. माया, भेटीगाठी, माफी यांची वसुली कोणतंही न्यायाधिकरण करून देत नाही.

पैसे आणि माया यांतला हा फरक घरातल्या भांडणातही उपयोगी पडतो. संबंध ठेवायचे की तोडायचे, असा एकच मोठा निर्णय घेण्याची गरज नसते. औषधांचे पैसे पाठवायचे, पण फोन उचलायचा नाही. बहिणीच्या लग्नाला जायचं, पण मुक्काम लॉजवर. आजीकडे नातवंडाला न्यायचं, पण एकटं सोडायचं नाही. प्रत्येक गोष्ट वेगळी ठरवता येते आणि पुढं बदलताही येते. हे ठरवण्यासाठी वडिलांनी चूक कबूल करण्याची वाट पाहत बसलं, तर आपलं बरं होणं पुन्हा त्यांच्याच हातात जातं.

बोलायला माणूस हवा असेल, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेल्या या सेवेचं मुख्य केंद्र निम्हान्समध्येच आहे. या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि ‘शेवटी आईवडीलच ते’ या वाक्यापाशी बोलणं थांबत नाही.