स्त्रीच्या माथी मारलेला दोष

मूल झाले नाही की दोष सुनेचा, ही आपल्या समाजाची जुनी रीत. पूर्वी त्यासाठी ग्रहदशा आणि पूर्वजन्मीचे पाप पुढे करण्यात येई. आता त्या जागी वैद्यकीय शब्द आले आहेत. 'पीसीओएस' हा त्यांतलाच एक. सोनोग्राफीच्या अहवालात तो उमटला की घरात कुजबूज सुरू होते, आणि लग्न ठरावयाचे असेल तर अहवाल कपाटात दडविला जातो.

वस्तुतः हा विकार म्हणजे वांझपणा नव्हे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या अभ्यासावरून त्याचे वर्णन केले. सोनोग्राफीत ज्या 'गाठी' दिसतात, त्या अर्ध्यावर वाढ थांबलेल्या बीजपुटिका असतात. स्त्रीबीजे संपलेली नसतात. ती वेळेवर पक्व होऊन बाहेर पडत नाहीत, एवढेच.

ती का पडत नाहीत? अनेक रुग्णांत इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, म्हणून शरीर ते अधिक निर्माण करते. वाढलेले इन्शुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरके वाढविण्यास उद्युक्त करते आणि बीजाची वाढ खुंटते. याच सुमारास पेशींत प्राणवायूपासून निर्माण होणारे उपद्रवी 'मुक्त कण' वाढतात. शरीराच्या संरक्षक द्रव्यांना ते आवरत नाहीत, तेव्हा त्या अवस्थेला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. हे कण इन्शुलिनचे कार्य आणखी बिघडवितात, बीजालाही इजा पोचवू शकतात. असे हे दुष्टचक्र आहे.

बाजाराने नेमका हाच दुवा पकडला. 'अँटिऑक्सिडंट' गोळ्यांच्या महागड्या बाटल्या आशेच्या मोलाने विकल्या जातात. परंतु मुक्त कण सर्वस्वी शत्रू नव्हेत; बीज सुटण्याच्या क्रियेलाही ते अल्प प्रमाणात लागतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. वंध्यत्वावरील अशा गोळ्यांच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०२० साली आढावा घेतला, तेव्हा लाभाचा पुरावा दुबळ्या प्रतीचा आढळला.

याउलट, खात्रीचे उपाय साधे आहेत. वजन जास्त असल्यास ते थोडे घटले तरी अनेकींची पाळी सुधारते. लेट्रोझोल हे औषधही आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ७५० स्त्रियांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर जुने क्लोमिफिन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. आपल्याकडे वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर २०११ साली बंदी आली, ती २०१७ मध्ये उठली. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे. आणि त्याआधी पतीची साधी वीर्यतपासणी व्हावयास हवी. अपत्यहीनतेच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. तरीही कित्येक घरांत ती तपासणी सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही.

'लग्न झाले, मूल झाले की सारे ठीक होईल,' असे मुलींना सांगणारी वडीलधारी माणसे घरोघरी असतात. हा सल्ला घातक आहे. या विकारात मधुमेहाचा धोका वाढतो. पाळी दीर्घकाळ अनियमित राहिली तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा स्त्रियांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. तेव्हा प्रश्न केवळ वंशाच्या दिव्याचा नाही, तो स्त्रीच्या स्वतःच्या आयुष्याचा आहे. तिच्या अनियमित पाळीची दखल सासरने घेण्यापूर्वी माहेरने आणि शाळेने घेतली पाहिजे, आणि तीही तिला दोष न देता.