वादळकालीन बंदराश्रय

वादळकालीन बंदराश्रय म्हणजे वादळाच्या काळात नौका बंदरात किंवा खाडीत नांगरून अथवा धक्क्याला बांधून सुरक्षित ठेवण्याची पद्धत होय. शिडाच्या नौका, मासेमारी नौका व लहान मालवाहू जहाजे यांच्यासाठी तिचा अवलंब केला जातो. बंदरात लाटांचा जोर कमी असला, तरी वारा, वाढती पाणीपातळी व शेजारच्या नौकांची धडक हे धोके कायम राहतात.

कोकणातील पार्श्वभूमी

पारंपरिक शिडाच्या नौका पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात लोटल्या जात. त्यामुळे मोसमी वादळी वाऱ्यांच्या काळात त्या पाण्याबाहेर असत. हिवाळ्याच्या तोंडावरील चक्रीवादळ मात्र ऐन हंगामात येते. त्या वेळी जवळचे बंदर गाठणे हाच मुख्य उपाय उरतो. बंदरांवर धोक्याची सूचना क्रमांकित बावट्यांनी दिली जाते. तीन क्रमांकाचा बावटा बंदर परिसरातील सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा देतो.

ओखी चक्रीवादळ

३० नोव्हेंबर २०१७ रोजी कन्याकुमारीच्या दक्षिणेस ओखी चक्रीवादळ तयार झाले. लक्षद्वीपजवळून पुढे सरकत ते अरबी समुद्रात उत्तरेकडे वळले आणि ५ डिसेंबरच्या सुमारास दक्षिण गुजरातजवळ क्षीण झाले. या वादळात केरळ व तमिळनाडूतील शेकडो मच्छीमार मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. केरळच्या ६६ व तमिळनाडूच्या २ अशा ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर सुखरूप पोहोचल्याचे २ डिसेंबर रोजी जाहीर करण्यात आले. या जिल्ह्यातील देवगड हे नैसर्गिक बंदर वादळात नौकांचे प्रमुख आश्रयस्थान आहे.

नौका बांधण्याची पद्धत

वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास त्याचा दाब चौपट होतो. म्हणून शिडे केवळ गुंडाळून न ठेवता पूर्णपणे उतरवली जातात. डोलकाठीवर सैल सुटलेले शीड नौका कलंडवू शकते. पुढील व मागील टोकांना दुहेरी दोर लावतात, तसेच नौका पुढे-मागे सरकू नये म्हणून तिरके दोर बांधतात. दोर फार आखूड असल्यास पाणी चढताना तो तुटतो, तर फार सैल असल्यास नौका धक्क्यावर आदळते. ताण सोसणारे नायलॉनचे दोर यासाठी उपयुक्त ठरतात. दोर घासला जाणाऱ्या जागी जाड कापड गुंडाळतात व नौकेच्या बाजूंना जुने टायर टांगतात.

नौकेवर थांबणे

सौम्य वादळात खलाशी नौकेवर राहून आळीपाळीने पहारा देतात, दोर सैल-घट्ट करतात व आत शिरलेले पाणी उपसतात. थंड प्रदेशांत गोठलेले दोर, निसरडा डेक व शरीराचे तापमान घटणे या अडचणींची भर पडते. उबेसाठी बंद खोलीत शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून गुदमरण्याचा धोका असतो. या वायूला रंग वा वास नसल्याने तो लक्षात येत नाही. ओल्या कपड्यांत वाऱ्यासमोर बसल्यास उष्ण प्रदेशातही शरीर गारठते. तीव्र चक्रीवादळाचा इशारा असल्यास नौका बांधून सर्वांनी किनाऱ्यावरील पक्क्या इमारतीत जाणे हाच सुरक्षित मार्ग मानला जातो.