स्त्री-खतना व आरोग्यसेवा
स्त्री-खतना व आरोग्यसेवा : वैद्यकीय कारण नसताना स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांचा काही भाग कापणे वा त्यास इजा करणे, यास स्त्री-खतना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे चार प्रकार मानले आहेत. सोमालिया, सुदान इ. देशांत आढळणाऱ्या तिसऱ्या प्रकारात भगोष्ठ जुळवून योनिमुख अरुंद केले जाते. गुजरातेतून येऊन मुंबईच्या भेंडीबाजार परिसरात स्थिरावलेल्या दाऊदी बोहरा समाजात, मुलगी सुमारे सात वर्षांची झाल्यावर शिश्निकेवरील त्वचावरण छेदण्याची रूढी आहे. तीस ‘खफ्ज’ असेही म्हणतात. समाजाचे धर्मनेतृत्व हा शुद्धीचा विधी मानते. तथापि समाजातील स्त्रियांनीच त्यास विरोध केला आहे. रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्ये ‘मानुषी’त त्यावर लेख लिहिला, २०१५ मध्ये मुंबईत ‘सहियो’ ही संस्था स्थापन झाली.

वेदना, रक्तस्राव व जंतुसंसर्ग हे तात्कालिक परिणाम होत. पुढे समागमातील वेदना, मूत्रविषयक तक्रारी व तपासणीची भीती संभवते. बोहरा स्त्रीच्या बाबतीत व्रण पुष्कळदा इतका सूक्ष्म असतो, की गिरगाव वा परळ येथील प्रसूतितज्ज्ञाच्याही तो नजरेतून सुटावा. बालपणीच्या घटनेचा आजच्या तक्रारीशी संबंध न लावल्यामुळे ती स्वतःही बोलत नाही. म्हणून वैद्यानेच, पती व सासू बाहेर असताना, तिच्या परिचयाचा ‘खतना’ हाच शब्द वापरून विचारावे. ‘विच्छेदन’ म्हटल्यास ती बहुधा गप्प होते. दुभाषी नातेवाईक नसावा. तपासणी तिच्या संमतीने व्हावी व ती म्हणेल तेव्हा थांबावी. विद्यार्थ्यांना पाहण्यास बोलावणे तर सर्वथा गैर. तिसऱ्या प्रकारात प्रसूतीपूर्वी वा प्रसूतिसमयी योनिमुख शस्त्रक्रियेने मोकळे करतात; ते पुन्हा शिवू नये.

‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही संकल्पना न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी विकसित केली. सेवा सुरक्षित होती की नाही, हे तीनुसार सेवा घेणारी व्यक्ती ठरविते. याचा अर्थ वैद्याने प्रथेस मान्यता द्यावी, असा नव्हे. निर्जंतुक उपकरणे वापरून डॉक्टरने केलेला खतनाही जागतिक आरोग्य संघटनेस अमान्य आहे.

भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहितयाचिका दाखल झाली व सप्टेंबर २०१८ मध्ये ती मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आली. दवाखान्यात मात्र हा प्रश्न कन्येच्या जन्माबरोबरच उभा राहतो. लसीकरणासाठी माता वारंवार येते. मुलीचे सातवे वर्ष उजाडण्यापूर्वी तिच्याशी दोषारोप न करता बोलण्याची संधी वैद्यास तेव्हाच मिळते.