शोधयंत्र आणि वैद्य : गूगलच्या साधनांचा विवेकी उपयोग

पूर्वी रुग्ण चिकित्सालयात येताना जुने केसपेपर आणि तपासण्यांचे अहवाल घेऊन येत असे. आता त्यांच्या जोडीला मोबाईलवर उघडलेले एखादे पान असते आणि नाडी हाती घेण्यापूर्वीच "डॉक्टर, गूगलवर असं लिहिलंय" हे वाक्य कानी पडते. हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. काही व्यवसायबंधू अशा वेळी चिडतात, तर काही हसून विषय टाळतात. या दोन्हींनी रुग्णाचे हित साधत नाही.

मधुमेहासाठी नियमित गोळ्या घेणाऱ्या पन्नाशीच्या एक गृहिणी प्रस्तुत लेखकाकडे येत असत. त्यांनी इंटरनेटवर कारल्याच्या रसाचे गुण वाचले व कोणासही न विचारता दिवसातून दोन वेळा पेलाभर रस सुरू केला. आठवड्याभराने एका दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले. रक्तातील साखर बरीच खाली गेली होती. वेळीच साखरपाणी दिल्याने अनर्थ टळला. त्यांनी वाचलेले पान पुढे पाहिले, तेव्हा त्यातील मजकूर खोटा आढळला नाही. कारले रक्तशर्करा कमी करू शकते, हे खरेच आहे. परंतु या बाई कोणत्या गोळ्या घेतात, त्यांचा आहार किती, अग्नी कसा, हे त्या पानाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असणे शक्यही नव्हते. माहिती आणि चिकित्सा यांतील अंतर ते हेच होय. म्हणून ही साधने नेमकी काय करतात व काय करू शकत नाहीत, हे वैद्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

शोधयंत्राचे कार्य

लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली. शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याचे संगणकीय कार्यक्रम एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर जात जगभरातील पाने वाचतात. नंतर ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असावी तशी, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची प्रचंड सूची तयार होते. आपण शब्द लिहितो तेव्हा यंत्र सारे जग धुंडाळत नाही, तर ही तयार सूची पाहते. तिसरा टप्पा क्रम लावण्याचा. गूगलचे मूळ वैशिष्ट्य या टप्प्यात होते. ज्या पानाकडे अनेक महत्त्वाची पाने बोट दाखवितात, ते पान महत्त्वाचे, असे हे गणित होते. ज्या ग्रंथाची वचने उत्तरकालीन टीकाकार वारंवार उद्धृत करतात, तो ग्रंथ मान्यता पावलेला समजावा, तसाच हा प्रकार. पुढे या गणितात इतर असंख्य निकषांची भर पडली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. पहिल्या क्रमांकाचे पान हे यंत्राच्या हिशेबाने उपयुक्त ठरलेले पान असते. त्यातील विधान कोणी रुग्णावर पडताळून पाहिले आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो. यादीच्या माथ्यावरील काही दुवे पैसे देऊन लावलेले असतात व तशी खूण त्यांवर असते, पण घाईत ती अनेकांच्या नजरेतून निसटते.

चरकाचार्यांनी परीक्षेची चार साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती. शोधयंत्राचे उत्तर यांपैकी कशात बसते? प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही तर वैद्याने स्वतः करावयाची. राहिला आप्तोपदेश. परंतु रज व तम यांपासून मुक्त असणे हे आप्ताचे लक्षण यंत्राला लागू होत नाही. शोधयंत्र स्वतः आप्त नव्हे. फार तर ते आप्ताच्या घराचा रस्ता दाखविणारा वाटाड्या आहे, आणि तो कधी कधी भलत्याच घरी नेऊन सोडतो.

नावांचा घोटाळा

आपल्या शास्त्रात ही अडचण विशेष जाणवते, कारण यंत्र शब्द जुळविते, द्रव्य ओळखत नाही. "ब्राह्मी" हा शब्द घ्या. बाकोपा मोनिएरी या वनस्पतीस ब्राह्मी म्हणतात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, हिलाही ब्राह्मीच म्हणतात. शंखपुष्पीच्या नावाखाली तर निरनिराळ्या वनस्पती निरनिराळ्या प्रांतांत वापरल्या जातात. शोधाच्या यादीत या सर्वांचे गुण, मात्रा व छायाचित्रे एकत्र येतात. ते वेगळे करणे वाचणाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून राहते.

गुळवेलीचे उदाहरण अधिक गंभीर आहे. कोविडच्या साथीत गुळवेल घरोघरी पोहोचली. २०२१ मध्ये मुंबईतील काही तज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृतास इजा झाल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यावर आयुष मंत्रालयाने असा आक्षेप घेतला की, या रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती याची खात्री करून घेतलेली नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पासारखी दिसावयास जवळची वनस्पती घेतली गेली असण्याची शक्यता आहे. या वादात कोणाचे किती बरोबर हा येथे प्रश्न नाही. द्रव्याची ओळख, मात्रा, कालावधी आणि रुग्णाची यकृताची पूर्वस्थिती या गोष्टी मोबाईलच्या पडद्यावर ठरू शकत नाहीत, एवढे मात्र दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून निघते.

अध्ययनास होणारे साहाय्य

एवढ्यावरून ही साधने त्याज्य ठरवू नयेत. तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास एके काळी एखादा शोधनिबंध पाहण्यासाठी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात जावे लागे. नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या गूगल स्कॉलरमुळे तो घरबसल्या निदान सारांश तरी वाचू शकतो आणि तो निबंध पुढे कोणी कोणी उद्धृत केला हेही पाहू शकतो. अर्थात स्कॉलर निबंध गोळा करते, त्यांची गुणवत्ता तपासत नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतील लेखही त्यात दिसतात.

गूगल बुक्स या योजनेत ग्रंथालयांतील लक्षावधी पुस्तकांची पाने प्रतिमांकित करण्यात आली. लेखकांच्या संघटनेने त्याविरुद्ध २००५ मध्ये अमेरिकेत दावा लावला. २०१३ मध्ये व पुढे अपिलात २०१५ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले अनेक जुने ग्रंथ तेथे पूर्ण वाचावयास मिळतात. संहितांच्या मूळ पाठासाठी मात्र शासकीय संस्थांनी सिद्ध केलेल्या ई-संहिता अधिक उपयोगी आहेत. तेथे वचन स्थानासह सापडते. नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत लिहिल्यास यंत्र तोच शोधते, आणि विशिष्ट संस्थेच्या संकेतस्थळापुरता शोध मर्यादितही ठेवता येतो. एवढ्या दोन सवयींनी बराचसा गाळ दूर होतो.

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला, तर संस्कृत व कोंकणीचा २०२२ मध्ये. सर्वसाधारण मजकुरासाठी हे साधन उपयोगी आहे, पण शास्त्रीय परिभाषेत सावधगिरी हवी. धातू म्हणजे शरीरातील रसरक्तादी, खनिज की व्याकरणातील क्रियामूल? रस म्हणजे आहाररस, षड्रसांपैकी एक की पारद? संदर्भ जाणल्यावाचून याचे उत्तर देता येत नाही. यंत्राने केलेल्या अनुवादावरून औषधाची मात्रा ठरविणे म्हणूनच धोक्याचे आहे.

स्मृतीचा प्रश्न

आपली गुरुपरंपरा पाठांतरावर उभी आहे. सर्व काही क्षणात सापडते, तर मग श्लोक कशासाठी पाठ करावयाचे, असे आजचा विद्यार्थी विचारतो. २०११ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संगणकात माहिती जतन राहणार आहे अशी समजूत असलेल्यांना ती माहिती कमी आठवली, ती कोठे ठेवली आहे हे मात्र अधिक आठवले, असे त्यात आढळले. याच अभ्यासातील एका प्रयोगाची पुष्टी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्परीक्षणात होऊ शकली नाही, तेव्हा त्यास अंतिम सिद्धांत मानू नये.

तथापि वैद्याला यासाठी प्रयोगाची वाट पाहण्याचे कारण नाही. रुग्ण समोर बसलेला असता ज्या लक्षणाची आपल्याला आठवणच नाही, ते आपण विचारणार नाही आणि शोधणारही नाही. शोधावयाचे काय, हे सुचण्यासाठीच आधी काही तरी मनात असावे लागते. कंठस्थ केलेले सूत्र ही ती बीजरूप सामग्री होय.

मोठ्या संख्येची भुरळ

२००८ मध्ये गूगलने फ्लू ट्रेंड्स नावाचा उपक्रम सुरू केला. लोक फ्लूविषयी कोणते शब्द शोधतात यावरून साथीचा अंदाज शासकीय आकडेवारीच्या आधीच देण्याची ही कल्पना होती. प्रारंभी तिचे मोठे कौतुक झाले. परंतु २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील साथीचा तिचा अंदाज शासकीय आकड्यांच्या सुमारे दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये हे अंदाज प्रसिद्ध करणे थांबले. बातम्या वाचून घाबरलेले निरोगी लोकही फ्लूविषयी शोध घेत होते. लोक काय शोधतात आणि लोकांना काय झाले आहे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अलीकडे कंपनीने दुव्यांच्या वर यंत्ररचित सारांश देण्यास आरंभ केला आहे. अमेरिकेत मे २०२४ मध्ये हे सुरू होताच पिझ्झावर चीज चिकटावे म्हणून गोंद मिसळण्याचा सल्ला त्यात दिसला. कोणीतरी थट्टेने लिहिलेले वाक्य यंत्राने गंभीरपणे उचलले होते. भारतात ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली. त्या सारांशाची भाषा निःशंक असते, हाच त्यातील मोठा धोका होय.

आपले कर्तव्य

रुग्णाने पान दाखविल्यास ते वाचावे. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्यामागे विक्रीचा हेतू आहे काय, हे द्रव्य कोणत्या वनस्पतीचे आणि तुमच्या प्रकृतीस व चालू औषधांस ते लागू आहे काय, हे पाच प्रश्न त्याच्यासोबतच विचारावेत. असे केल्याने रुग्ण दुखावला जात नाही आणि पुढील वेळी रस पिण्यापूर्वी विचारावयास येतो.

दुसरे कर्तव्य लेखनाचे. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, लेखी पुरावे सादर करून १९९७ मध्ये ते रद्द करविले. आपल्या घराघरांत ठाऊक असलेली गोष्ट पेटंट तपासणाऱ्याच्या दृष्टीस पडेल अशा भाषेत व ठिकाणी नव्हती. या अनुभवातून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे सांख्यिक ग्रंथालय आकारास आले व त्यातील योग पाच परदेशी भाषांत उपलब्ध झाले.

हाच न्याय आज मराठी वाचकास लागू पडतो. जे शोधात सापडत नाही, ते त्याच्या लेखी नसतेच, आणि रिकामी जागा कोणी ना कोणी भरतोच. तेव्हा आपापल्या अनुभवाचे एकेक द्रव्य, एकेक पथ्य शास्त्राधारासह, मर्यादा स्पष्ट सांगून, स्वतःच्या नावानिशी शुद्ध मराठीत लिहून उपलब्ध करणे हे प्रत्येक वैद्याच्या आवाक्यातील काम आहे. कारल्याविषयीच्या त्या पानावर "मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास वैद्यास विचारल्याशिवाय घेऊ नये" एवढे एक वाक्य असते, तर त्या बाईंवर ती दुपार ओढवली नसती. ते वाक्य लिहिण्याची जबाबदारी आपली आहे.