नोंद एकीकडे, वस्तू दुसरीकडे

संग्रहाचे मूल्य

ब्रिटिश गयानाच्या 1856 सालच्या एक सेंटच्या किरमिजी टपाल तिकिटाची एकच प्रत आज ज्ञात आहे. जून 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती सुमारे 83 लाख डॉलरना विकली गेली. तिकिटाच्या पाठीवर जुन्या मालकांच्या खुणा आहेत: फिलिप फॉन फेरारी यांचे त्रिदल चिन्ह, पादत्राणांचे रचनाकार स्टुअर्ट वाइट्समन यांनी रेखाटलेला उंच टाचेचा बूट. दुर्मीळता, अस्सलपणा आणि मालकीचा इतिहास यांवर संग्राह्य वस्तूची किंमत ठरते, आणि येथे ही तिन्ही कागदाच्या एकाच तुकड्यात सामावली आहेत. संगणकावरील चित्राला हे साधत नाही, कारण त्याची प्रत आणि मूळ यांत तसूभरही फरक नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी डिजिटल मालकीचे टोकन, म्हणजेच एनएफटी, पुढे आले.

टोकनचे स्वरूप

ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी सांभाळली जाणारी सामायिक नोंदवही आहे. पडताळणीनंतरच तीत नवी नोंद चढते आणि जुनी नोंद परस्पर खोडता येत नाही. इथेरियम या ब्लॉकचेनचे चलन ईथर. कोणताही एक ईथर दुसऱ्याच्या जागी चालतो. एनएफटीला मात्र स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे एकाच्या बदल्यात दुसरे चालत नाही. कलावंत केव्हिन मॅकॉय यांनी 2014 मध्ये ‘क्वांटम’ या कलाकृतीची अशी नोंद केली. या प्रकारातील अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक. 2017 मध्ये ‘क्रिप्टोपंक्स’ ही 10,000 छोटी चित्रे आली आणि त्यांतील बहुतेक फुकट वाटली गेली. 2018 मध्ये ईआरसी-721 हे सामायिक मानक ठरले, तेव्हापासून वेगवेगळ्या वॉलेटना, म्हणजे टोकने सांभाळणाऱ्या डिजिटल पाकिटांना, आणि बाजारांना एकमेकांची टोकने ओळखता येऊ लागली.

टोकनच्या आत काय असते

सर्वाधिक गैरसमज येथेच आहेत. ब्लॉकचेनवरील स्मार्ट काँट्रॅक्ट, म्हणजे आपोआप चालणारा आज्ञासंच, मुख्यतः दोन गोष्टी सांभाळतो: टोकनचा क्रमांक आणि तो ज्याच्या नावे आहे त्या वॉलेटचा पत्ता. चित्र सहसा तेथे नसते, कारण मोठी फाइल ब्लॉकचेनवर ठेवणे फार महाग पडते. काँट्रॅक्टमध्ये एक दुवा असतो. तो दुवा वर्णनाच्या फाइलकडे नेतो आणि त्या फाइलमध्ये चित्राचा पत्ता असतो. सातबाऱ्यावर गट क्रमांक आणि खातेदाराचे नाव असते, जमीन नसते, टोकनचेही तसेच. पण जमीन जागची हलत नाही. चित्राची फाइल हलू शकते, बदलू शकते, नाहीशीही होऊ शकते. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स ही क्रिप्टोचलन बाजार चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या सर्व्हरवर ठेवलेली एनएफटींची चित्रे दिसेनाशी झाली. टोकने मालकांच्या वॉलेटमध्ये तशीच होती.

यावर आयपीएफएस ही अनेक संगणकांवर फाइली ठेवण्याची पद्धत अर्धा उपाय आहे. त्यात फाइलचा पत्ता तिच्या मजकुरावरूनच बनतो, त्यामुळे मजकूर बदलला की पत्ताही बदलतो आणि फेरफार लपत नाही. तरीही ती फाइल कोणीतरी आपल्या संगणकावर जपावी लागते. पूर्ण उपाय म्हणजे चित्रच ब्लॉकचेनवर नेणे. क्रिप्टोपंक्सच्या बाबतीत ऑगस्ट 2021 मध्ये ते झाले. चित्रे अवघी 24 बाय 24 ठिपक्यांची होती म्हणून ते परवडले.

मालकी आणि स्वामित्वहक्क

चित्र विकत घेतले म्हणून ते छापण्याचा हक्क मिळत नाही, हा जुनाच नियम टोकनलाही लागू आहे. भारतीय कायद्यानुसार स्वामित्वहक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. टोकन वॉलेटमध्ये आले एवढ्याने ते होत नाही. काही निर्माते वेगळ्या परवान्याने व्यापारी वापराची मुभा देतात. ‘बोअर्ड एप यॉट क्लब’ या एनएफटी-मालिकेने ती दिली. म्हणजे खरा हक्क त्या परवान्याच्या मजकुरात असतो आणि तो मजकूर ब्लॉकचेनच्या बाहेर असतो.

कलावंताचा वाटा

प्रत्येक पुनर्विक्रीत कलावंताला हिस्सा, म्हणजे रॉयल्टी, मिळावा, ही या तंत्राची सर्वांत न्याय्य बाजू होती. फ्रान्समध्ये असा हक्क 1920 पासून आहे. भारताच्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 53अ मध्येही तो आहे, पण प्रत्यक्ष वसुली अवघड. टोकनमुळे ती आपोआप होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काँट्रॅक्ट फक्त रॉयल्टीची रक्कम सांगतो. ती द्यायची की नाही हे बाजार ठरवतो. ग्राहक खेचण्याच्या स्पर्धेत काही बाजारांनी ती ऐच्छिक केली आणि 2023 मध्ये ओपनसी या एनएफटी-बाजारानेही सक्ती मागे घेण्याचे जाहीर केले. कलावंतांचे हे नुकसान भावांच्या चढउतारापेक्षा गंभीर आहे.

बाजार

मार्च 2021 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात डिजिटल कलावंत बीपल यांची 5,000 चित्रांची एकत्रित कलाकृती 6 कोटी 93 लाख डॉलरना गेली. त्याच महिन्यात ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांच्या पहिल्या ट्विटचे टोकन सुमारे 29 लाख डॉलरना विकले गेले. वर्षभराने ते पुन्हा विक्रीस आले तेव्हा बोली काही हजार डॉलरच्या पुढे गेली नाही. वॉलेटमागील व्यक्ती अज्ञात असल्याने एकच माणूस दोन वॉलेटमधून स्वतःशीच व्यवहार करून भाव फुगवू शकतो. भारतात अशा उत्पन्नावर 2022 पासून 30 टक्के कर आहे आणि एका टोकनमधील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

संग्रहापलीकडे

दस्तऐवजाच्या पडताळणीत हेच तंत्र अधिक कामाचे ठरते. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा पद्धतीत प्रमाणपत्राचा गणिती ठसा ब्लॉकचेनवर राहतो. नंतर एखादे अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही आणि बनावट प्रत उघडी पडते. प्रमाणपत्र देण्यापूर्वीची चौकशी बरोबर झाली होती की नाही, हे त्या ठशावरून कळत नाही. ते काम तहसील आणि उपविभागीय कार्यालयाकडेच राहते.