चित्रपट विनामूल्य, चर्चा मोकळी

महिन्यातून एकदा एखादा चांगला चित्रपट दाखवावा आणि त्यानंतर आध्यात्मिक अंगाने चर्चा व्हावी, असे अनेक गृहनिर्माण संस्थांना, वाचनालयांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना वाटते. पडदा आणि प्रोजेक्टर मिळविणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. खरी कसोटी लागते ती चित्रपट संपल्यानंतर. चर्चेच्या नावाखाली प्रवचन सुरू झाले, की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात.

आपल्याकडील नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असा क्रम असतो. चित्रपट-चर्चेत तो उलटा होतो. आख्यान आधी पडद्यावर घडते आणि निरूपण नंतर येते. शिवाय हे निरूपण एका बुवांनी करायचे नसून श्रोत्यांनी मिळून करायचे असते. संयोजकांनी हा फरक ध्यानी घेतला, तर पुढील बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

निवड कशी करावी?

आध्यात्मिक चित्रपट म्हणजे केवळ संतपट नव्हे. प्रभात फिल्म कंपनीचा, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' (१९३६) हा उत्तम प्रारंभ ठरेल. तुकोबा वैकुंठाला जातात, आवली मात्र संसारात मागे राहते. मग तिची वाट अध्यात्माची नव्हे काय? या एका प्रश्नावर तासभर बोलता येते. उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ' (२०११) श्रद्धा आणि तिचा बाजार यांतील अंतर दाखवितो. अकिरा कुरोसावा यांच्या 'इकिरू'मध्ये (१९५२) कर्करोगाने मृत्यू समोर दिसणारा एक सरकारी कर्मचारी मुलांसाठी बाग उभारण्याच्या कामाला लागतो. त्यात देवाधर्माची चर्चा नाही. तरीही जगण्याचा अर्थ विचारणारा तो चित्रपट आहे.

'फुकट' म्हणजे परवानगीमुक्त नव्हे

प्रवेशशुल्क नसले, की कायद्याची अडचण येत नाही, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. विकत घेतलेली डीव्हीडी किंवा घरचे ओटीटी सदस्यत्व हे खासगी पाहण्यासाठी असते. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते आणि ती लेखी असावी. भारतीय चित्रपटाचा स्वामित्वहक्क तो प्रकाशित झाला त्या वर्षानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे 'संत तुकाराम'सारखे जुने चित्रपट तुलनेने सुलभ ठरतात. मात्र नव्याने केलेल्या उपशीर्षकांचे हक्क वेगळे असू शकतात. चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र आहे ना, हेही पाहावे. खेळ उघड्या पटांगणात असेल, तर ध्वनिक्षेपकासाठी आधी परवानगी काढावी आणि रात्री दहानंतर तो बंद ठेवावा. चर्चेची वेळ धरूनच प्रारंभाची वेळ ठरवावी, हे ओघाने आलेच.

चर्चेची शिस्त

चित्रपट संपताच दिवे एकदम लावू नयेत. दोन-तीन मिनिटांची शांतता पाहिलेले मनात उतरू देते. त्यानंतर शक्य असल्यास खुर्च्या वर्तुळात मांडाव्यात. व्यासपीठ उभारले, की वक्ता आणि श्रोते अशी वाटणी आपोआप होते. संवादकाने दोन-तीन प्रश्न आधी काढून ठेवावेत आणि स्वतः सर्वांत कमी बोलावे. 'तुमचा देवावर विश्वास आहे का?' असे विचारले, की माणसे बाजू घेऊन बसतात. 'त्या पात्राने तसे का केले असावे?' असे विचारले, तर तीच माणसे आपला अनुभव सांगू लागतात. एकदा बोललेल्याने इतरांना संधी मिळेपर्यंत थांबावे, हा नियम आरंभीच सांगितलेला बरा. सभेतील नास्तिकाला आणि नित्य पूजा करणाऱ्याला सारखाच वेळ मिळायला हवा. एखाद्याने घरातील दुःख उघड केले, तर त्यावर उपदेश करू नये आणि ते बाहेर सांगूही नये.

खर्चाचे काय?

प्रेक्षकाला विनामूल्य असलेला कार्यक्रम संयोजकांना विनामूल्य नसतो. सभागृहाचे भाडे, हक्कांचे शुल्क, चहा हा खर्च कोणीतरी उचलतोच. तो कोण उचलतो, हे उघडपणे सांगावे आणि हिशेब सूचनाफलकावर लावावा. खेळानंतर देणगीचे ताट फिरविणे, पुस्तके विकणे किंवा एखाद्या पंथाची नावनोंदणी करणे कटाक्षाने टाळावे. तसे एकदा जरी घडले, तरी 'विनामूल्य' या शब्दावरील विश्वास उडतो आणि पुढच्या वेळी येणारा माणूस खिसा सांभाळूनच बसतो.

येथे आलेला माणूस संयोजकांचे काही देणे लागत नाही; त्यांच्या मताला संमतीसुद्धा नाही. वेगळ्या मताचा शेजारी पुढच्या महिन्यात पुन्हा आला, तर उपक्रम योग्य वाटेवर आहे असे समजावे.